दीड मिलिमीटर

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून पाठवा, असा शाळेतून फोन आला आणि मी आधी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. नववीची विज्ञानाची वही तीत असणार, हे ठाऊक होतं. पान सापडलं. २३ सप्टेंबर १९८५, सोमवार. खाली सरांच्या लाल शाईत एवढंच: "आकडा खोडू नये."

हॅलेचा धूमकेतू येणार म्हणून त्या वर्षी आम्ही सगळी मुलं सरांच्या मागे लागलो होतो की शाळेत दुर्बीण आणा. तेवढे पैसे शाळेकडे नव्हते. सर म्हणाले, "धूमकेतू येईल तेव्हा येईल. तोवर आपण काठीने पृथ्वी मोजू." (धूमकेतू एप्रिलमध्ये गच्चीवरून पाहिला. पुसट, पिंजलेल्या कापसासारखा. त्याच्याबद्दल मला याहून जास्त काही आठवत नाही.)

एराटोस्थेनीस या प्राचीन ग्रीक विद्वानाची गोष्ट सरांनी फळ्यावर काढून दाखवली. इजिप्तमधल्या आजच्या अस्वानला २१ जूनच्या सुमारास भर दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो, आणि त्याच वेळी अलेक्झांड्रियाला तो एराटोस्थेनीसला ७.२ अंश कललेला आढळला. ७.२ अंश म्हणजे पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग. मग दोन गावांमधल्या अंतराला ५० ने गुणायचं, की पृथ्वीचा घेर मिळाला. बावीसशे वर्षांपूर्वी! आमची दोन गावं होती इंदूर आणि उज्जैन. दिवस ठरला विषुवदिनाचा, म्हणजे दिवस-रात्र सारखी असतात तो, कारण त्या दिवशी माध्यान्हीला सूर्य डोक्यापासून जितके अंश कललेला असतो, तितकाच त्या गावाचा अक्षांश.

घरी सांगितलं तर आजोबा पंचांगातून मान वर करून म्हणाले, "म्हणजे पलभा मोजताय की!" बारा अंगुळांच्या शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, विषुवदिनी मध्यान्हीला पडणारी सावली ती पलभा. उज्जैनची पाच अंगुळं आठ व्यंगुळं (व्यंगुळ म्हणजे अंगुळाचा साठावा भाग), हे त्यांना तोंडपाठ होतं. इंदूरची जवळपास पाच. मी ते सरांना सांगितलं तेव्हा सर क्षणभर थांबले आणि फळ्यावर बारा आणि पाच बाजूंचा काटकोन त्रिकोण काढून मला कर्ण विचारला. तेरा! भूमितीच्या पुस्तकातला तो त्रिकोण आमच्याच पटांगणात विषुवदिनी उभा राहतो, हे मला फार आवडलं. अजूनही आवडतं.

सर सहा मुलांना घेऊन सरवटे स्टँडवरून सकाळच्या बसने उज्जैनच्या वेधशाळेत गेले. सवाई जयसिंगाने बांधलेली आणि पुढे १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी दुरुस्त करवलेली ही वेधशाळा. आम्ही पाच मुली गणिताच्या बाईंबरोबर पटांगणात. गणपती बसलेले होते, मिलच्या झांक्या (विसर्जनाच्या मिरवणुकीतले देखावे) यंदा कशा होणार याची चर्चा चालू होती, आणि आम्ही परातीत पाणी घालून फरशी सपाट आहे का ते बघत होतो.

नुसत्या काठीने भागत नाही, हे आदल्या आठवड्यात कळलं होतं. सूर्य म्हणजे ठिपका नव्हे, तो आकाशात अर्धा अंश रुंद दिसतो. त्यामुळे मीटरभर काठीच्या सावलीचं टोक सेंटिमीटरभर पुसट होतं, आणि इंदूर-उज्जैनच्या सावल्यांतला फरकच मुळी सेंटिमीटरच्या आत. म्हणून सरांनी काठीच्या टोकाला खिळ्याने भोक पाडलेला पत्रा बसवला. खाली कागदावर करंगळीच्या नखाएवढं सूर्याचं गोल बिंब पडायचं. आम्ही त्याच्या मधोमध टिंब द्यायचो. ते बिंब थांबत नव्हतं. मिनिटाला जवळजवळ अर्धा सेंटिमीटर, कागदावरून पूर्वेकडे सरकत होतं. पृथ्वी फिरते, हे मी पाठ केलेलं होतं. ती माझ्या पेन्सिलीखालून सरकताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. आणि सगळी टिंबं पट्टी लावून काढावीत तशी एका सरळ रेषेत आली. विषुवदिनीच असं होतं, इतर दिवशी ती रेषा वाकते.

सावली सर्वांत आखूड झाली तेव्हा बाईंच्या घड्याळात बारा वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. बारा का नाही? आपली घड्याळं ८२.५ पूर्व रेखांशावर लावलेली, आणि इंदूर त्याच्या साडेसहा अंशांहून थोडं जास्तच पश्चिमेला. त्यामुळे इथे सूर्य सव्वीस-सत्तावीस मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. सप्टेंबरअखेर त्यातली सात-आठ मिनिटं तो भरून काढतो.

आमची सावली ४२.० सेंटिमीटर. संध्याकाळी उज्जैनची मंडळी परतली. त्यांची ४३.१. नकाशावर उत्तर-दक्षिण अंतर ५१ किलोमीटर. गणित केलं तर पृथ्वीचा घेर आला ३४,३०० किलोमीटर. पुस्तकात ४०,०००.

मग भांडणं. तुमचं चुकलं, नाही तुमचं चुकलं. एकाने हळूच सुचवलं की ४३.१ चं ४२.९५ करू या, म्हणजे बरोबर येईल. तेव्हा सरांनी माझी वही ओढून घेतली आणि ती लाल ओळ लिहिली. मग पट्टीवर बोट ठेवून म्हणाले, "हे बघा, एवढंसं दीड मिलिमीटर. वाऱ्याने ओळंबा एवढा हलला, की पृथ्वी पावणेसहा हजार किलोमीटरने लहान होते. एराटोस्थेनीसला सात अंशांचा फरक मिळाला होता, आपल्याला अर्धासुद्धा नाही. गावं लांबची घ्यायला हवी होती." विज्ञान प्रदर्शनात आमच्या तक्त्यावर ३४,३०० हाच आकडा लागला आणि त्याच्या शेजारी चूक कुठे झाली असेल त्याचं टिपण. पाहुण्यांनी बरोबर आकडा लावलेल्या तक्त्याला बक्षीस दिलं. मला तेव्हा रडू आलं होतं.

सर आता नाहीत. पण लांबचं गाव घेणं राहून गेलंय. ग्वाल्हेर आपल्यापासून साडेतीन अंश उत्तरेला आहे. तिथे मीटरभर काठीची विषुवदिनी सावली ४९ सेंटिमीटरच्या आसपास पडेल, म्हणजे इंदूरहून सात सेंटिमीटर जास्त. तेच दीड मिलिमीटर चुकलं तरी घेर आठशे-हजार किलोमीटरने हलेल, त्याहून जास्त नाही. माझी आतेबहीण तिथल्या मराठी शाळेत शिकवते, तिच्याशी बोलून ठेवलंय. मुख्याध्यापक बाईंनी होकार दिला तर येत्या २३ सप्टेंबरला मी साडेअकराला पटांगणात येईन. परात, ओळंबा आणि भोकाचा पत्रा माझ्याकडे आहे. मुलांनी फक्त वह्या आणि पेन्सिली आणाव्यात, खोडरबर नको.