फॉर्मवरची एक खूण

कथिलाच्या शोधात खणलेल्या पाचव्या भोकातून निघालेला गाभा, म्हणजे खडकाची लांब कांडी, मी स्वतः भिंगाखाली पाहिला होता. ग्रॅनाइट पुरता बदलून गेलेला, उरलं होतं ते क्वार्ट्झ आणि रुपेरी अभ्रक. ग्रायसेनच, म्हणजे असा बदललेला ग्रॅनाइट. मधूनमधून पुष्कराज, जांभळट फ्लोराइट आणि गडद तपकिरी, हिऱ्यासारखे चमकणारे दाणे. कॅसिटेराइट, कथिलाचं खनिज! नोंदवहीत 'कथील अंदाजे 1 टक्का' लिहून मी मोकळी झाले.

प्रयोगशाळेचा अहवाल आला : कथील 80 पीपीएम, दहा लाखांत 80 भाग. म्हणजे टक्क्याचा शंभरावा हिस्सासुद्धा नाही. साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "टूर्मलिन तर नव्हतं ना हे?"

बोचलं. पण शंका रास्त होती, टूर्मलिन हे दुसरंच खनिज, त्यात कथील नाही, पण दोन्ही काळपट, दोन्ही ग्रॅनाइटच्या संगतीतली. उरलेला भुगा घेतला आणि पाटीत पाण्याबरोबर गोल गोल फिरवत बसले. टूर्मलिनची घनता 3 च्या आसपास, कॅसिटेराइटची जवळजवळ 7. हलकं वाहून गेलं, तळाशी तपकिरी शेपटी राहिली. ते दाणे जस्ताच्या पत्र्यावर ठेवून वर विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब सोडले. फसफसलं. पाचेक मिनिटांत तपकिरी दाणे राखाडी झाले, बोटाने घासल्यावर चक्क धातूसारखे चकाकले. जस्त आणि आम्लातून सुटलेल्या हायड्रोजनमुळे दाण्याच्या पृष्ठभागावरचं ऑक्साइड कथील होतं. कितीही वेळा पाहिली तरी ही गंमत मला शिळी वाटत नाही.

मग चुकलं कुठे? नमुन्यांसोबत पाठवलेल्या फॉर्मची प्रत काढली. विश्लेषणाच्या रकान्यात ॲक्वा रेजिया या आम्लांच्या मिश्रणासमोर खूण, खाली सही माझीच. आधीच्या तांब्याच्या कामातला फॉर्म मी तसाच पुढे वापरला होता. सोनं विरघळवणारं ते मिश्रण कॅसिटेराइटचं काही वाकडं करू शकत नाही. दाणे आम्लाच्या तळाशी आरामात बसून राहिले आणि यंत्राने फक्त वरचं पाणी मोजलं. साहेबांना सांगताना मान वर होईना.

तेच नमुने सोडियम पेरॉक्साइडबरोबर वितळवून पुन्हा तपासले. उत्तर 0.7 टक्के. (माझा अंदाज तरीही फुगलेलाच होता, डोळा चमकीला भुलतो.)

पण तो फुकट गेलेला अहवाल साहेबांनी फेकू दिला नाही. आम्लात उतरलेलं कथील बहुधा स्टॅनाइट या कथिलाच्या दुसऱ्या खनिजामधलं किंवा अभ्रकात अडकलेलं. ते घनतेवर चालणाऱ्या जिग आणि हलत्या टेबलांवर हाती लागत नाही. एकूण कथिलातून ते वजा केलं की कॅसिटेराइटमधलं, म्हणजे खरोखर काढता येण्याजोगं, कथील किती ते कळतं. इथे वजा करण्यासारखं फारसं नव्हतंच.

सहाव्या भोकाच्या नमुन्यांसोबत दोन फॉर्म गेले. दोन्ही साहेबांनी आधी वाचले.