गौरी जेवल्या, मी कढण घेतलं

गौरीजेवणाची रात्र

आज घरात पुरण शिजलं, सोळा भाज्या झाल्या, आंबील झाली, आणि मी पंगतीत बसले ती मुगाचं कढण, काकडीची कोशिंबीर आणि पनीरचे चार तुकडे घेऊन. वेगळं ताट घेऊन आतल्या खोलीत जायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. पुढची सगळी वर्षं मला याच माणसांत, याच सणांना, थोडंसं खाऊन उठायचं आहे. मग सुरुवात लपूनछपून कशाला?

माझं वजन कमी करण्याचं ऑपरेशन आता दोन आठवड्यांवर आलंय. स्लीव्ह, म्हणजे जठर लहान करण्याचं ऑपरेशन, करायचं ठरलंय. जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. ऑपरेशनआधीचा हा दोन आठवड्यांचा आहार मुख्यतः लिव्हरसाठी आहे, हे मला आहारतज्ज्ञ बाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. लिव्हरची डावी बाजू जठरावर पसरलेली असते. दुर्बिणीतून ऑपरेशन करताना ती उचलून धरावी लागते. फॅटी लिव्हर मोठं, जड आणि नाजूक झालेलं असतं, ते उचलताना रक्तस्राव होऊ शकतो. दिवसाला 800 ते 1000 कॅलरी, पिष्ट आणि साखर अगदी कमी, प्रथिनं भरपूर, असं खाल्लं की शरीर लिव्हरमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा वापरायला काढतं. त्या साठ्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी धरलेलं असतं, तेही निघून जातं. हळूहळू चरबीही उतरते आणि लिव्हर आकसतं. हे कळल्यापासून पुरणपोळीला नको म्हणताना मला वाईट वाटत नाही. सर्जनच्या हाताला जागा करून द्यायची आहे.

मावससासूबाई म्हणाल्या, "अगं, सणाचं नाही म्हणू नये, अर्धी तरी घे." मी काही बोलायच्या आत आईच म्हणाल्या, "तिच्या वाटणीची पोळी मी गायीला घालणार आहे. तिला आग्रह करू नका." आई, म्हणजे माझ्या सासूबाई. आयुष्यभर आग्रह करकरून वाढणारी ही बाई. मला भरून आलं.

शुगरच्या गोळ्यांचं मात्र इथे नोंदवून ठेवते, कुणाला तरी उपयोगी पडेल. एवढं कमी खायला लागल्यावर ग्लिमेपिराइडचा डोस तोच ठेवला तर साखर धाडकन उतरू शकते. माझा डोस डॉक्टरांनी आहार सुरू करायच्या आधीच कमी केला. डापाग्लिफ्लोझिन ही दुसरी शुगरची गोळी ऑपरेशनच्या काही दिवस आधी पूर्ण बंद करायचंय, कारण त्या गोळीमुळे साखर ठीक दिसत असतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) वाढून रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. हा आहार नेटवरून उतरवून आपल्या मनाने कुणी सुरू करू नये, असं मला कळकळीने वाटतं.

रविवार

सगळ्यात अवघड काय, असं लेकीने विचारलं. भूक असं तिला वाटलं होतं. पहिले तीन-चार दिवस डोकं दुखलं, चिडचिड झाली, मग भूक निवळली. अवघड आहे ते पाणी.

जेवताना पाणी प्यायचं नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास प्यायचं नाही. पुढे जठर लहान होणार. त्यात पाणी भरलं तर अन्नाला जागा राहत नाही आणि प्रथिनं पोटात जात नाहीत. आमच्याकडे पान मांडायचं म्हणजे आधी डावीकडे फुलपात्र. आता सगळ्यांची फुलपात्रं मी मांडते, माझ्या ताटाशेजारची जागा मोकळी ठेवते, आणि तरी दर दोन घासांनी हात तिकडे जातो. दिवसभराचं दीड-दोन लिटर पाणी मग जेवणांच्या मधल्या वेळात घोट घोट करून संपवायचं. घटाघटा पिणं बंद. सकाळी कमला नेहरू पार्कात चालायला जाते तेव्हा बाटली हातातच असते.

दुसरं म्हणजे चावणं. आमच्या पिढीतल्या बायका जेवतात कशा? सगळ्यांना वाढून झाल्यावर, अर्धं लक्ष गॅसवर, आणि पातेल्यात उरलेली आमटी टाकायची कशाला म्हणून तीही संपवून. घास तोंडात फिरतच नाही. मी कपाटातून लेकीच्या उष्टावणाचा चांदीचा वाटी-चमचा काढलाय. त्या चमच्यात मटकीचे सात-आठ दाणे मावतात, जास्त नाही. घास घेतला की चमचा खाली ठेवायचा, अगदी पातळ होईपर्यंत चावायचं, गिळायचं आणि मगच चमचा उचलायचा. ती वाटी संपायला वीसेक मिनिटं लागतात. ऑपरेशननंतर साधारण एवढीच वाटी मला पुरणार आहे. गेल्या आठवड्यात हे सगळं डोक्याने करत होते. आज दुपारी चमचा आपोआप खाली ठेवला गेला, ते माझं मलाच नंतर लक्षात आलं. फार बरं वाटलं.

प्रथिनांचा हिशेब वहीत मांडते. पुढे रोज किमान 60 ग्रॅम हवीत. एका अंड्यात 6, शंभर ग्रॅम पनीरमध्ये 18 च्या आसपास, वाटीभर दाट वरणात सहा-सात. वरणभातावर वाढलेल्या घरात 60 ग्रॅम हे काय प्रकरण आहे ते हा हिशेब मांडल्यावरच कळतं. उपासाची साबुदाण्याची खिचडी म्हणजे तर जवळजवळ नुसतं पिष्ट. संकष्टीला यापुढे काय करायचं ते आई आणि मी मिळून ठरवू.

बुधवार

आईंना पितृपंधरवड्यात ऑपरेशन नको होतं. मी त्यांना समजावलं की तारीख पुढे ढकलली तर हा आहारही पुढे ढकलावा लागेल आणि लिव्हरची मेहनत वाया जाईल. त्या देवघरात जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "कर." त्यावर मी जास्त बोलले नाही.

रक्ततपासणीत बी-12 आणि डी ही दोन्ही जीवनसत्त्वं कमी निघाली. शाकाहारी घरांत हे फार दिसतं, आणि स्लीव्हनंतर बी-12 शोषलं जाणं आणखी कमी होतं, म्हणून आधीच भरून काढताहेत. पुढे गोळ्या कायमच्या आहेत. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास हवेत. लोहाच्या आसपास चहा नको. गुडघेदुखीसाठी घेत होते ती डायक्लोफेनॅकही बंद. आता फक्त पॅरासिटामॉल.

आणि ते तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र. मी फुंकत होते! ते ओढायचं असतं. सावकाश, खोल, आणि चेंडू वर धरून ठेवायचे. भूल उतरल्यावर फुप्फुसं नीट फुलावीत म्हणून हा सराव.

शुक्रवार, रात्री

आज एका नातेवाइकांचा फोन. "जरा तोंडावर ताबा ठेवला असता तर पोट कापायची वेळ आली नसती. हा शॉर्टकट झाला." फोन ठेवल्यावर खूप वेळ मन शांत होईना.

वीस वर्षं मी डाएट करतेय. दर वेळी वजन उतरलं आणि दर वेळी परतलं. वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जा जपून वापरायला लागतं. घ्रेलिन हे भूक लावणारं संप्रेरक वाढतं. जठराच्या ज्या वरच्या भागात ते सगळ्यात जास्त तयार होतं, तोच भाग स्लीव्हमध्ये काढतात. आपल्या लोकांना तर मधुमेह कमी वजनातच गाठतो, म्हणून 2022 साली वजन कमी करण्याची ऑपरेशनं करणाऱ्या (बॅरिॲट्रिक) सर्जनांच्या अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई माणसांसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन मोजणारा आकडा) 27.5 पासूनच या ऑपरेशनचा विचार व्हावा असं सांगितलं. मी काही लबाडी करत नाहीये. एका आजारावर उपचार घेतेय, आणि त्यासाठी माझं खाणं, पिणं, श्वास घेणंसुद्धा नव्याने शिकतेय. वजनावर झगडणाऱ्या कुठल्याही बाईला किंवा माणसाला असं कुणी बोललं, तर तिने ते मनावर घेऊ नये.

हे सगळं तावातावाने लिहीत असताना आई पेन आणि आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला कागद घेऊन आल्या. घरी आल्यावर पहिले दोन आठवडे पातळच द्यायचं, हे त्यांनी अधोरेखित केलंय. वरणाचं पाणी दोनदा गाळायचं, तेही त्यांनी लिहून घेतलंय. त्यांची शंका एकच होती: "त्यात हिंग घातला तर चालेल ना? हिंगाशिवाय वरण म्हणजे काय गं?"

उद्या फोन करून विचारते.