पर्जन्यमापक अपडेट: आता पावसाचा वेगपण मोजतोय

मंडळी, या पावसाळ्यात सेटअपमध्ये बराच बदल झालाय म्हणून सविस्तर लिहितोय. साधा मापक आहे तसाच ठेवलाय, ११.३ सेंमी व्यासाचं फनेल आणि खाली बाटली. या व्यासाला तोंडाचं क्षेत्रफळ जवळजवळ १०० चौ. सेंमी येतं, म्हणजे १० मिली पाणी जमलं की १ मिमी पाऊस, हिशोब तोंडी होतो. रीडिंग रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खात्याचा दिवसपण ८:३० ते ८:३० असाच धरतात आणि मला माझे आकडे पुण्यातल्या शिवाजीनगर वेधशाळेच्या आकड्यांशेजारी ठेवायचे असतात.

नवीन काय तर टिपिंग बकेट. दोन कप्प्यांची छोटी वाटी असते, २ मिली पाणी भरलं की एका बाजूला कलंडते, तिच्यावरचा चुंबक रीड स्विचसमोरून (चुंबक जवळ आला की लागणारा स्विच) जातो आणि ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड वेळेसकट नोंद करतो, म्हणजे एक टिप ०.२ मिमी. कॅलिब्रेशन सलाईनच्या नळीने थेंबथेंब पाणी सोडून केलं, वाटीखालचे स्क्रू अगदी थोडे थोडे फिरवावे लागतात, घाई करू नका. आणि एक, धो धो पावसात वाटी कलंडत असताना थोडं पाणी मोजायचं राहून जातं त्यामुळे बकेट कमी दाखवते, म्हणून बाटलीवाला मापक शेजारी हवाच, एकूण आकडा त्याचा धरायचा आणि वेळ बकेटची.

एवढा खटाटोप का, तर फक्त दिवसाचा आकडा बघून फार काही कळत नाही असं माझं ठाम मत झालंय. ६४.५ मिमीच्या वर गेला की तो जोरदार पाऊस, पण तो दिवसभर रिपरिप पडला की दीड तासात कोसळला यात जमीनअस्मानाचा फरक आहे. आपल्याखाली बेसॉल्टचा कठीण खडक, पाणी मुरणार ते वरच्या झिजलेल्या थरात नाहीतर भेगांत, त्याला वेळ लागतो. दीड तासात पडलेलं बरंचसं ओढ्यात जातं. २५ सप्टेंबर २०१९ची पुण्यातल्या आंबिल ओढ्याच्या पुराची रात्र कोण विसरेल.

देशाचंही तेच. मान्सूनची सरासरी ८७ सेंमी, २०२३ ला त्याच्या ९४ टक्के पडला, ऐकायला ठीक वाटतं, पण त्यातला ऑगस्ट १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता! हवा १ अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते, मग पडतो तेव्हा एकदम पडतो आणि मधले कोरडे दिवस लांबतात. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या २०१७ च्या अभ्यासात मध्य भारतात मोठ्या भागावर होणारी अतिवृष्टी १९५० ते २०१५ मध्ये तिप्पट झाल्याचं दिसलं. आणि आपण वर्षाला जमिनीतून जे २४० बीसीएमच्या (अब्ज घनमीटर) आसपास पाणी उपसतो (२०२३चा आकडा, त्यातलं ८७ टक्के शेतीला) ते परत भरायला मुरणारा पाऊसच लागतो ना, म्हणून मला मिमीइतकाच मिमी प्रति तास महत्त्वाचा वाटतो.

दुसरं काम, आयएमडीलिब ही लायब्ररी वापरून पायथनमध्ये हवामान खात्याचा १९०१ पासूनचा ग्रिड डेटा (नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येकाचा पाऊस) उतरवला. ०.२५ अंशाचा चौकोन म्हणजे साधारण २७ किमी, घाटमाथा आणि शहर यांच्यात पाऊस इतका झपाट्याने बदलतो की एका चौकोनात दोन्ही कालवले जातात. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीची चार धरणं मिळून २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यात एकट्या वरसगावात १२.८२ आणि पानशेतमध्ये १०.६५, खुद्द खडकवासल्यात २ पण नाही. म्हणजे आपलं नळाचं पाणी ठरतं ते वरच्या घाटातल्या पावसावर, पेठेत किती पडला यावर नाही.

त्यामुळे पुढचा मापक तिकडे लावायचाय. पानशेत, टेमघर बाजूला कुणाचं गाव असेल आणि घरचं कुणी रोज साडेआठला बाटली बघायला तयार असेल तर सांगा, फनेल आणि बाटली मी बनवून देतो. मोकळी जागा मात्र बघा, झाड किंवा भिंत जितकी उंच त्याच्या निदान दुप्पट लांब.