चाहत्यांच्या सर्व्हरवर लेकीला जाऊ द्यावं का? माझा अनुभव

लेक आठवीत आहे. ॲनिमेचं, म्हणजे जपानी कार्टून मालिकांचं वेड आणि चित्रांचा हात चांगला. तिला डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर एका मालिकेच्या चाहत्यांच्या सर्व्हरवर, म्हणजे मोठ्या ग्रुपवर जायचं होतं. तिथे किमान वय १३, ते तिला पूर्ण झालंय. तरी आधी मी स्वतः आत जाऊन पाहिलं.

नियम व्यवस्थित, १८ वर्षांवरच्यांचे चॅनल (सर्व्हरमधले गप्पांचे विभाग) वेगळे. पण ओळख करून देण्याच्या चॅनलवर नव्या सदस्यांसाठी एक साचा होता: नाव, वय, शहर, आवडतं पात्र. तेरा-चौदा वर्षांची मुलं तो इमानेइतबारे भरत होती, आणि सर्व्हरवरच्या कोणालाही ते वाचता येत होतं.

मी तिकीट उघडून (म्हणजे मदतीची विनंती पाठवून) सर्व्हर सांभाळणाऱ्या मॉडरेटरना विचारलं, मुलांचं वय आणि शहर कशाला हवं? कोणी मोठ्या माणसानं मुलांना खासगी मेसेज केले तर तक्रार कोणाकडे करायची? बॉटचं, म्हणजे आपोआप उत्तरं देणाऱ्या प्रोग्रॅमचं उत्तर आलं, 'नियम वाचा.' वाचले होते! पुन्हा लिहिलं, तर तिकीट परस्पर बंद. पुन्हा उघडलं. हेच मॉडरेटर मीम्सच्या चॅनलवर रात्री उशिरापर्यंत हजर. चुकीच्या ठिकाणी टाकलेलं मीम लगेच उडवायचे, पण मुलांबद्दल विचारलं की सगळे गप्प. मला अजूनही त्याचा राग येतो. अखेर एकानं सांगितलं, "खासगी मेसेज आम्हाला दिसत नाहीत. स्क्रीनशॉट पाठवलात तर त्या माणसाला काढू." एवढं सांगायला इतके दिवस का लागावेत?

त्या सर्व्हरला मी नाही म्हटलं. लेक रुसली. मग एक लहान सर्व्हर सापडला. तिथे वय विचारत नाहीत, आणि माझ्या प्रश्नाला त्याच संध्याकाळी एका माणसानं सविस्तर उत्तर दिलं. तुम्हीही आधी एक प्रश्न विचारून बघाच.

सर्व्हरच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये सदस्यांचे थेट मेसेज बंद केले. फॅमिली सेंटर ही डिस्कॉर्डची पालकांसाठीची सोय तिच्या फोनवरचा क्यूआर कोड स्कॅन करून जोडलं. ती कोणाशी बोलली ते मला दिसतं, काय बोलली ते दिसत नाही. तिच्या वयाला हे योग्यच आहे.

हो, आत गेल्यावर सर्चमध्ये 'हाऊ ओल्ड' आणि 'डीएम मी' (मला खासगी मेसेज कर) हे इंग्रजीत टाकून बघा. कोण कोणाला काय विचारतंय ते लगेच कळतं. आणि मुलं चित्राचा फोटो टाकणार असतील तर कडेला वहीवरचं शाळेचं नाव येत नाही ना, तेवढं पाहा.