लुक फॉरवर्ड टू मीट नाही, टू मीटिंग

ऑफिसच्या मेलमध्ये, नोकरीच्या अर्जात, नवीन ओळख झाली की पाठवतात त्या मेसेजमध्ये, एक वाक्य हमखास दिसतं, 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू'. बाकीचं इंग्लिश एकदम व्यवस्थित असतं, स्पेलिंग बरोबर, काळ बरोबर, आणि नेमका शेवटच्या ओळीत हा घोळ. मला फार चुटपुट लागते हे बघून, कारण लिहिणारा कच्चा असतो असं अजिबात नाही, उलट त्याने शाळेतला नियम मनापासून पाळलेला असतो. टू नंतर क्रियापदाचं पहिलं रूप येतं हे आपल्याकडून इतकं घोटून घेतलेलं असतं की टू लिहून झाला की हात आपोआप 'मीट' लिहून मोकळा होतो.

बरोबर वाक्य आहे 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू'.

कारण काय तर एकाच स्पेलिंगचे दोन टू आहेत आणि त्यांची कामं वेगळी आहेत. 'आय वॉन्ट टू मीट यू', 'आय होप टू मीट यू' यातला टू पुढच्या क्रियापदाचा असतो, त्याच्यासोबतच येतो. 'लिसन टू म्युझिक' मधला टू मात्र प्रिपोझिशन आहे, त्याला पुढे नाम लागतं. लुक फॉरवर्ड टू मधला टू हा दुसऱ्या जातीचा. तो मागच्या दोन शब्दांना चिकटलेला आहे, तिन्ही मिळून एकच क्रियापद, त्यामुळे पुढे एकतर नाम येणार, नाहीतर 'इट' सारखं सर्वनाम, आणि क्रियापदच आणायचं असेल तर त्याला आयएनजी लावून नामासारखं वापरायचं.

शंका आली तर तपासायची एक सोपी पद्धत आहे आणि ती मला नियमापेक्षा जास्त भरवशाची वाटते. टू नंतर नुसतं 'द वीकेंड' ठेवून बघा. 'आय लुक फॉरवर्ड टू द वीकेंड', बसतंय, म्हणजे क्रियापद येईल तेव्हा आयएनजी लागणार. 'आय वॉन्ट टू द वीकेंड', नाही बसत, म्हणजे तिथे साधं रूप. हीच युक्ती 'यूज्ड टू' ला पण चालते, जिथे भलेभले अडकतात. 'आय यूज्ड टू वर्क ॲट नाइट' म्हणजे पूर्वी मी रात्री काम करायचो, आता नाही. 'आय ॲम यूज्ड टू वर्किंग ॲट नाइट' म्हणजे मला रात्री काम करायची सवय आहे. दुसऱ्या वाक्यात 'आय ॲम यूज्ड टू द नॉइज' असं नाम बसतं, पहिल्यात बसत नाही. 'ऑब्जेक्ट टू' पण तसंच, 'ही ऑब्जेक्टेड टू पेइंग एक्स्ट्रा', टू पे नाही.

आता अर्थाकडे येऊ, कारण व्याकरण जमलं तरी बऱ्याच वेळा क्रियापदच चुकीच्या जागी वापरलेलं असतं. आपण वाट बघतोय म्हणलं की डोक्यात एकच गोष्ट असते, पण इंग्लिशमध्ये तीन वेगळी क्रियापदं आहेत. 'आय ॲम वेटिंग फॉर द बस', इथे मी उभा आहे, वेळ जातोय, बस. 'आय ॲम एक्स्पेक्टिंग अ पार्सल', इथे पार्सल येणार याची मला कल्पना आहे, आनंद वगैरे काही त्यात नाही, 'वी एक्स्पेक्ट अ डिले' सारखी नको असलेली गोष्ट पण चालते. आणि लुक फॉरवर्ड टू मध्ये मात्र मन लागलेलं असतं, ती गोष्ट होणार म्हणून आत्तापासून बरं वाटतंय असा अर्थ. म्हणून 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू द इलेक्ट्रिसिटी बिल' कोणी लिहिलं तर वाचणारा गोंधळणार. नको असलेल्या गोष्टीबद्दल बोलायचं तर नकार वापरतात, 'आय ॲम नॉट लुकिंग फॉरवर्ड टू द डेंटिस्ट', आणि हे अगदी रोजचं, नॅचरल वाक्य आहे, म्हणजे जायचंय पण जीवावर आलंय.

'लुकिंग फॉरवर्ड फॉर युवर रिप्लाय' पण खूप दिसतं, ते वेटिंग फॉर मधला फॉर इकडे घुसल्यामुळे होतं. तिथे टूच हवा, 'लुकिंग फॉरवर्ड टू युवर रिप्लाय'. तो टू प्रश्नात वाक्याच्या शेवटी गेला तरी गाळायचा नाही बरं का, 'व्हॉट आर यू लुकिंग फॉरवर्ड टू?' शेवटी लटकलेला टू बघून अपूर्ण वाटतं म्हणून लोक काढून टाकतात, पण काढला की वाक्य खरंच अपूर्ण होतं. 'द ट्रिप आय वॉज लुकिंग फॉरवर्ड टू गॉट कॅन्सल्ड' मध्ये तर टू च्या लगेच पुढे दुसरं क्रियापद येतंय, बघायला विचित्र वाटतं, पण एकदम बरोबर आहे.

टोनचं पण थोडं बघायला हवं. 'आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू' हे जरा औपचारिक, अर्जाला किंवा अनोळखी माणसाला शोभणारं. 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू सीइंग यू' जवळचं, मोकळं. आणि 'आय लुक फॉरवर्ड टू युवर प्रॉम्प्ट रिप्लाय' लिहिताना मात्र दोनदा विचार करा. वरवर ते नम्र दिसतं पण वाचणाऱ्याला लवकर उत्तर दे असा दट्ट्या जाणवतो, तक्रारीच्या पत्रात ठीक आहे, पण ज्याच्याकडून मदत हवी आहे त्याला माझ्या मते पाठवूच नये.

एक रचना फार कमी लोक वापरतात आणि मला ती मनापासून आवडते, ती म्हणजे मध्ये माणूस आणायचा. 'वी आर लुकिंग फॉरवर्ड टू यू जॉइनिंग अस', म्हणजे तुम्ही येणार याचा आम्हाला आनंद आहे. यू च्या जागी युवर लिहिलं, 'युवर जॉइनिंग अस', तर ते जास्त औपचारिक होतं, दोन्ही चालतात. नवीन माणूस टीममध्ये येणार असेल तर वेलकमच्या ठरलेल्या चार शब्दांपेक्षा हे वाक्य पाठवा, त्यात त्याची वाट बघणारं कोणीतरी आहे हे त्याला कळतं. आणि नकार आत पण टाकता येतो, 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू नॉट सेटिंग ॲन अलार्म', उद्या अलार्म लावायचा नाही याचंच सुख. नॉट कुठे ठेवलाय ते नीट बघा, टू च्या पुढे, कारण तो आधी गेला, 'आय ॲम नॉट लुकिंग फॉरवर्ड टू सेटिंग ॲन अलार्म', तर अर्थ बदलतो, अलार्म लावायचाय पण जीवावर आलंय असा होतो.