शिराझचा वास: तांब्याची चाचणी अर्धीच लागू पडली

जालन्याकडच्या कौटुंबिक वायनरीतल्या शिराझला, म्हणजे रेड वाइनला, सडक्या अंड्याचा वास येत होता, म्हणून हवा देऊन बघायचं ठरलं होतं. ग्लास अर्धा तास उघडा ठेवला, या ग्लासातून त्या ग्लासात ओतून झालं. सडक्या अंड्याचा वास उतरला, पण खाली उकडलेल्या कोबीचा वास राहिलाच. म्हणजे हा नुसता हायड्रोजन सल्फाइड (सडक्या अंड्याच्या वासाचा वायू) नाही.

मग चाचणी लावली. तीन ग्लास, प्रत्येकी 50 मिली. पहिला जसाच्या तसा. दुसऱ्यात 1 टक्का कॉपर सल्फेटचा एक थेंब. तिसऱ्यात आधी चिमूटभर ॲस्कॉर्बिक ॲसिड, झाकून ठेवून नंतर तोच थेंब. एका थेंबाने लिटरमागे सुमारे अडीच मिलिग्रॅम तांबं होतं, वाइनमधली मर्यादा 1 मिलिग्रॅमची. त्यामुळे हे ग्लास फक्त हुंगायचे, प्यायचे नाहीत. फवारणीचा मोरचूद यात नकोच, लॅब ग्रेडच घ्या. दुसऱ्यात कोबी तसाच, तिसरा जवळजवळ स्वच्छ. निदान डायसल्फाइड, म्हणजे कोबीसारखा वास देणारं गंधकाचं संयुग. त्याला तांबं एकटं पकडत नाही, आणि हवा दिली की मर्कॅप्टनचंही (तशाच वासाचं दुसरं गंधकाचं संयुग) डायसल्फाइडच होतं. तेव्हा हवा देत वाइन तळाच्या गाळावरून दुसऱ्या टाकीत काढणं आता बंद.

ॲस्कॉर्बिक टाकीत घालायचं तर मोकळा सल्फर डायऑक्साइड पुरेसा हवा, नाहीतर वाइन ऑक्सिडाइज होते. इथेच घोडं अडलंय. डॉगरिज खुंट (ज्यावर द्राक्षाचं कलम केलंय तो) पोटॅश भरपूर ओढतो, म्हणून या शिराझचा पीएच 3.8. पीएच 3.5 ला 40 पीपीएम मोकळ्या सल्फर डायऑक्साइडवर भागतं, 3.8 ला जवळपास 80 लागतात. पीएचच्या पट्ट्यांवर विसंबू नका, रेडच्या रंगात त्या वाचताच येत नाहीत. मीटरच हवा, 4 आणि 7 च्या बफरवर लावून घेतलेला.

शेजारच्या टाकीतलं कॅबरने, ही दुसरी रेड, मात्र सुरेख! 17 अंशांवर चाखलं तेव्हा काळ्या मनुकांचा स्वाद आणि टॅनिनची घट्ट पकड दोन्ही स्पष्ट कळली. मराठवाड्यात रेड 'रूम टेंपरेचर'ला देणं म्हणजे नुसता अल्कोहोल हुंगणं.

हे लिहिताना एक लक्षात येतंय. बाग एकच, भुरीसाठी गंधकाची फवारणीही एकच, तरी कॅबरने स्वच्छ. मग उशिराच्या गंधकापेक्षा संशय जाड गाळावर आणि रसात यीस्टला कमी पडलेल्या नायट्रोजनवर जास्त. कॅबरने गाळावरून लवकर काढलं होतं, शिराझ तसंच राहिलं.

म्हणून आता आधी 5 लिटरच्या कॅनमध्ये पीएच उतरवायला लिटरला 1 ग्रॅम टार्टारिक ॲसिड, मग सल्फर डायऑक्साइड, मग ॲस्कॉर्बिक, शेवटी तांबं. पुढच्या काढणीला यीस्ट टाकण्याआधी रसाचा नायट्रोजन मोजायचा; लिटरला 150 मिलिग्रॅमच्या खाली आला तर एकतृतीयांश साखर उतरल्यावर लिटरला अर्धा ग्रॅम डीएपी (यीस्टला नायट्रोजन देणारं डायअमोनियम फॉस्फेट).