आखूड काट्यांचं सिस्ट

दिवाळीला तीन आठवडे बडोद्याला आलेय. दांडिया बाजारातल्या घरी झोपाळ्यावर लॅपटॉप घेऊन बसले होते, तेवढ्यात नेदरलँड्सहून गाईडची मेल आली. एकच ओळ: ‘दारातल्या किती प्लेट्स गळल्यात, ते मोजलंस का?’ ना कशी आहेस, ना हॅपी दिवाळी.

दार म्हणजे आर्किओपाइल. डायनोफ्लॅजेलेट हा पाण्यातला एकपेशीय जीव. तो सिस्टच्या, म्हणजे सुप्तावस्थेतल्या कोषाच्या, कवचात झोपतो आणि जाग आली की ठरावीक प्लेट्स ढकलून बाहेर पडतो. ते भोक कोट्यवधी वर्षं टिकतं. शंभराहून जास्त वर्षं ज्या काटेरी सूक्ष्म जीवाश्म-गोळ्यांचं गोत्र लागत नव्हतं, त्यांतले कितीतरी हेच सिस्ट आहेत, हे 1961 साली विल्यम एव्हिट यांनी या भोकावरूनच ओळखलं.

माझ्याकडे काळ्या समुद्राच्या तळाचा गाळ आहे. त्यात मला चाळीसेक मायक्रॉनचे सिस्ट सापडले, काटे कसले, नुसत्या बोथट गाठी. मी बडोद्यावरून नावसुद्धा ठरवून टाकलं. 1973 साली वॉल, डेल आणि हराडा यांनी याच समुद्रातून स्पिनिफेरायटीस क्रुसिफॉर्मिस ही नवी जात दिली, मग मी का नाही?

गाईडचं म्हणणं, ही नवी जात नसेलच, ओळखीचंच लिंग्युलोडिनियम मॅकेरोफोरम असेल; त्याचे काटे पाण्याचा खारटपणा उतरला की आखूड होतात. तेव्हा पन्नास सिस्ट घे, प्रत्येकाचे सगळ्यांत लांब तीन काटे मोज. दीडशे मापं! तेलाचा थेंब, सूक्ष्मदर्शकाचं शंभराचं ऑब्जेक्टिव्ह, फोकस वर, फोकस खाली. काटा तिरका निघाला की ते माप बाद. तिकडे हिवाळ्यात बाहेर पाच वाजताच अंधार, आणि मी गाठींची लांबी मोजतेय. आपल्याकडे असा छळ झाला नसता. (खरं तर एमएस्सीच्या आमच्या सरांनीही सोडलं नसतं. पण आधी चहा पाजला असता.)

झोपाळ्यावरच फोटो उघडले. मोजल्या. पाच. लिंग्युलोडिनियमच्या पाचपर्यंत गळतात. मला हे फेब्रुवारीपासून दिसत होतं. वहीत मी त्या रकान्यात ‘अस्पष्ट’ लिहीत आले होते.

आत्या खांद्यावरून डोकावली. “धोतऱ्याचं बोंड का गं हे?”

मी खाऱ्या-गोड्या पाण्याची कथा सांगितली. पुण्याची वहिनी चकल्या तळता तळता म्हणाली, “म्हणजे तुमच्या बडोद्याच्या मराठीसारखंच. गुजरातीत मुरली आणि काटे झडले.”

“झडू देत,” आत्या म्हणाली, “मराठीच आहे ने?”

मेलला उत्तर धाडलं: ‘पाच.’ नाव मात्र अजून खोडलेलं नाही. सहा सिस्ट असे आहेत, ज्यांचं दार उघडलेलंच नाही. त्या स्लाइड मी वेगळ्या ठेवल्यात.